चौतीस आणि पस्तीस

धुळ्याला गणित शिकवीत असताना एका सालदाराच्या मुलाला मी शंभरांपैकी ३४ गुण दिले. निकालाच्या दिवशी त्याने विचारले, "गुरुजी, चौतीस नि पस्तीसमा कितला आकडा शेतस?"

"एकही नाही," मी म्हणालो. तो पुन्हा शाळेत आला नाही.

पूर्णांकांपुरते माझे उत्तर बरोबर होते. पण मध्ये साडेचौतीस आहे, सव्वाचौतीस आहे. ही निमपट कधी संपतच नाही.

पुढे चाळीसगावजवळच्या पाटणला गेलो. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा तेराव्या शतकातला शिलालेख तिथे आहे. शून्याने भागलेल्या राशीला आचार्यांनी 'खहर' म्हटले. तीत मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही. ३४ नि ३५ मधले अपूर्णांकही तसेच. मोजून कितीही काढा, उरतात ते अनंतच.

मग एक गुण वाढवायला हवा होता का? वाढवला असता, तर ३३ वाल्याला काय सांगणार? रेघ कुठेतरी ओढावीच लागते. पण रेघेच्या अलीकडे काहीच नाही, असे ओढणाऱ्याने म्हणू नये. आपल्याला तिथे जागा आहे का, एवढेच ते पोर विचारीत होते.