प्लास्टिकची सायकल

सायकलीला गंज कसा चढतो, हे बेळगावच्या पावसात संसार केलेल्या बाईला कुणी सांगायला नको. स्वीडनमध्ये तर हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठच टाकतात. तिथं व्होल्वो मोटार कंपनीतल्या इंजिनिअरांच्या मनात आलं, सायकलच प्लास्टिकची केली तर? १९८२ मध्ये ‘इटेरा’ नावाची सायकल निघाली. सांगाडा प्लास्टिकचा, चाकं प्लास्टिकची. खोक्यातून सुटे भाग यायचे, ते घरी बसून जोडायचे. १९८५ पर्यंत कारखाना बंद. सायकली झाल्या साधारण ३०,००० च्या आसपास.

चुकलं कुठं? प्लास्टिकला पोलादाचा ताठपणा नाही. तो आणायचा तर भाग जाड करायचे, जाड केले की वजन वाढतं. एवढं करूनही पॅडल मारताना सायकल डुलायची. गंजत नव्हती, हे अगदी खरं. पण चढावर पाय मारणाऱ्याला गंज कुठला आठवतो? त्याला ते डुलणंच कळतं.

त्या लोकांना मी हसणार नाही. नवीन करून बघायला धैर्य लागतं. माझा प्रश्न वेगळा आहे. कल्पना माझी आणि तिचा त्रास सोसणारा दुसरा, असं असेल तर मी ती किती धरून ठेवावी? अनेकान्त आपण स्वाध्यायात ऐकतो, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट नातवंडांना सांगतो. पण आपण स्वतः शेपूट धरून बसलोय, हे कळतं का बाई? परिग्रह म्हणजे आपल्याला दागिने नि जमिनीच दिसतात. ‘माझंच बरोबर’ हाही परिग्रहच की.

आणि गंमत बघा, उरलेल्या सायकली कॅरिबियन बेटांकडे गेल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत तिथं त्या लोकांना आवडल्या. सायकल तीच होती.

माझी सून पोटुशी होती, तेव्हा सूर्यास्तानंतर तिनं काही खायचं नाही, हा हट्ट माझा. नियम चुकीचा नव्हता, आजही मी पाळते. पण रात्री दोनला भूक लागायची ती तिला. ती काही बोलली नाही. एकदा पाणी प्यायला उठले तर अंधारात ओट्याला टेकून उभी दिसली. मी गप्प दूध तापवलं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग पेला घेतला.