सावधपणा कोणाचा – माणसाचा की आसनाचा?

सद्गुण माणसाच्या ठायी वसतो, की तो ज्या आसनावर बसला आहे त्या आसनाच्या ठायी? प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु लहान विमान उडवून उतरलेला मनुष्य तासाभराने आपल्या मोटारीत बसतो, तेव्हा हा प्रश्न खराखुरा उभा राहतो.

प्रथम शरीराची अडचण पाहू. सेस्ना १७२ सारख्या चार आसनांच्या विमानात मुख्य वैमानिक डावीकडे बसतो. इंजिनाची शक्ती कमीअधिक करण्याचे काम उजव्या हाताचे. आपल्या देशातील मोटारीत तो उजवीकडे बसतो आणि गिअर डाव्या हाताला येतो. जमिनीवर धावणारे विमान हातांनी नव्हे, पायांनी वळवावे लागते. समोरून दुसरे विमान आले तर दोघांनीही उजवीकडे वळावे हा आकाशाचा नियम. आपल्या रस्त्याचा नियम डावीकडचा. वेगाचे तर सारेच उलटे. हवेत मंदावण्याचेच भय, कारण ठरावीक मर्यादेखाली वेग गेला की पंखांचा आधार सुटतो. उतरतानासुद्धा ताशी सुमारे १२० किलोमीटर वेग राखलेला असतो. अशा मनुष्याला मोटारीतील ८० म्हणजे रांगणे वाटले तर नवल नाही.

हात, पाय आणि डोळे हे लवकर शिकतात. मनाचे तसे नाही.

उड्डाणापूर्वी वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो, इंधनाच्या टाकीत डोकावतो, चाके न्याहाळतो आणि हाती यादी घेऊन एकेक बाब तपासतो. या यादीला इतिहास आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात राईट फील्ड येथे बोइंगचे ‘मॉडेल २९९’ हे विमान कोसळले. चालविणारे नवखे नव्हते. जमिनीवर उभ्या विमानाची सुकाणू-यंत्रणा बांधून ठेवणारी कडी काढावयाची तेवढी राहून गेली होती. उत्तम माणसाच्याही स्मरणावर विसंबू नये, हे त्या दिवसापासून वैमानिकांच्या जगाने मान्य केले. १९७६ पासून तर अमेरिकेत थोडक्यात टळलेले प्रमाद वैमानिक स्वतःहून, नाव गुप्त राखून कळवितात, म्हणजे दुसरा तरी सावध व्हावा. पापांगीकाराची अशी व्यवस्था ऐहिक व्यवहारात क्वचितच आढळते!

आणि हाच मनुष्य फाटकाबाहेर पडताना कानाला फोन लावतो, आसनपट्टा तसाच लोंबत ठेवतो. २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, हे त्याला ठाऊक नसते असे नाही.

याचे कारण भय, असे सहसा सांगतात. वर चूक झाली तर स्वतःचाच जीव जातो. खाली बहुधा पायी चालणाऱ्याचा किंवा सायकलवाल्याचा. हे खरे असेल तर आकाशातील तो सावधपणा सद्गुण नव्हेच, केवळ जीव वाचविण्याची धडपड. शेजारी कोण हे शिकविण्यासाठी आपल्या प्रभूने निवडलेले स्थळ रस्ताच होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

तरीही हे उत्तर मला अन्यायाचे वाटते. निर्मनुष्य धावपट्टीवर, कोणी पाहत नसतानाही वैमानिक टाकीत डोकावतोच, आणि त्या क्षणी तो भ्यालेला नसतो. ती सवय आहे. आणि कृती करता करताच माणूस तसा घडतो, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगितले. मात्र सवयीबरोबर त्याने विवेकही मागितला होता, आणि नेमके तेच आपण विसरतो. सवयीला स्वतःची निवड करता येत नाही. मंदावण्याची धास्ती विमानतळावरच सोडून यावयाची आणि फेरी मारण्याची शिस्त घरी घेऊन यावयाची, हा निवाडा सवय करीत नाही. तो माणसालाच, मोटारीचे दार उघडण्यापूर्वी, दररोज नव्याने करावा लागतो.

मोटारीभोवती एक फेरी मारावयास अर्धा मिनिट पुरतो. इमारतीच्या आवारात मुले खेळत असतात. गाडीच्या मागे चेंडू काढण्यासाठी उकिडवे बसलेले चार वर्षांचे मूल चालकाच्या आरशात दिसत नाही.