फोटो: प्रत्यक्ष की अनुमान?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत शंकरसागर जलाशयाच्या काठी काळेश्वराचं मंदिर आहे आणि त्याच गावात 1981 साली सुरू झालेलं श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय. देवदर्शन आणि यंत्रविद्या अशी शेजारी नांदतात. पण कॅमेरा घ्यायला निघालेला भाविक असो वा विद्यार्थी, पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती मेगापिक्सेलचा?’ पिक्सेल जितके जास्त तितकं चित्र खरं, हे त्यामागचं गृहीत. ते तपासायला दुकानदारापेक्षा प्रमाणशास्त्र, म्हणजे ज्ञान कशावरून होतं याचा विचार, अधिक कामाचं आहे.

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रियाचा वस्तूशी संबंध येऊन जे कळतं ते प्रत्यक्ष. चार्वाक तर त्यापलीकडे काही मानायलाच तयार नाहीत. फोटोला आपण डोळे मिटून प्रत्यक्षाच्याच पंगतीत बसवतो. ‘फोटो आहे ना!’ म्हटलं की वाद मिटतो. (हल्ली पूर्वीइतका मिटत नाही, ते सोडा.)

सेन्सरवरच्या बिंदूला उजेड किती ते कळतं, रंग कळत नाही. म्हणून प्रत्येकावर एकेका रंगाची गाळणी बसवतात. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या रचनेत निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या असतात. 1976 मध्ये तिला पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. बिंदू एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून ठरवले जातात. 24 मेगापिक्सेलच्या फोटोत रंगांचे 7 कोटी 20 लाख आकडे असतात. त्यातले 2 कोटी 40 लाख मोजलेले, बाकी सगळे अनुमानाचे. धूर दिसतो म्हणजे डोंगरावर अग्नी आहे, हे नैयायिकांचं लाडकं उदाहरण इथे एका क्लिकमध्ये कोट्यवधी वेळा घडतं.

अनुमान चुकतंही. बारीक विणीच्या साडीवर कधीकधी मुळात नसलेल्या रंगांच्या लाटा उमटतात. छायाचित्रकार त्याला मॉइरे म्हणतात. अनुमान ज्यावर उभं असतं त्या हेतूनेच असं फसवलं, तर न्यायशास्त्रात त्याला हेत्वाभास हे नाव आहे. हे अनुमान टाळणारा कॅमेराही निघाला: सिग्माने 2002 मध्ये एसडी9 आणला, त्यात प्रत्येक जागी तिन्ही रंग मोजले जात. मग त्याचे पिक्सेल सुमारे 34 लाख म्हणायचे की त्याच्या तिप्पट? मोजायचं काय, यावरच मतभेद.

नांदेड जिल्ह्यातल्याच माहूरची रेणुका तांदळा रूपात आहे: शेंदरी मुख, हातपाय नाहीत. तिचा फोटो 12 ऐवजी 48 मेगापिक्सेलने काढला असं धरू. पिक्सेल चौपट झाले तरी तपशील लांबी-रुंदीत दुपटीनेच वाढतो, तोही लेन्सने साथ दिली तर. शेंदराचे कण अधिक दिसतील. भक्ताच्या दर्शनात मात्र त्याने तसूभरही भर पडत नाही, कारण अवयवांचा तपशील सोडूनच ती मूर्ती उभी आहे. ज्यांनी तांदळा पूजला त्यांना रेझोल्यूशनची मर्यादा कंपन्यांच्या आधी कळली होती, असं म्हणायचा मोह होतो.

व्यवहार त्यामानाने सोपा. फुल एचडी पडद्याला सुमारे 20 लाख पिक्सेल पुरतात, ए4 आकाराच्या उत्तम छपाईला सुमारे 87 लाख. घरच्या कार्यांसाठी आणि यात्रेसाठी 12 ते 24 मेगापिक्सेल भरपूर झाले. उरलेले पैसे मोठ्या सेन्सरवर आणि चांगल्या लेन्सवर घालावेत.