गीता १०.२७ : उच्चैःश्रवा

आजच्या श्लोकात भगवंत म्हणतात, घोड्यांमधला उच्चैःश्रवा मीच. वाचताना महालक्ष्मी रेसकोर्स गाजवणारा स्क्वॉन्डरर आठवला. १९ पैकी १८ शर्यती जिंकल्या, मग पैदाशीला. इंग्लंडचा फ्रँकेल तर १४ पैकी १४ जिंकून २०१२ मध्ये, चार वर्षांचा असतानाच थांबवला. पळण्यापेक्षा रक्ताला भाव जास्त, शिवाय पाय मोडायची भीती! मग ती विभूती कशात असते, धावण्यात की वंशात?

माझी आई चेंबूरच्या गांधी मैदानात खो-खो खेळायची. लग्न झालं, मी झाले, खेळ सुटला. म्हणजे मी आहे ती त्या सुटण्यामुळेच. काल धीर करून विचारलं, "आई, वाईट वाटलं होतं का गं?"

मेथी निवडता निवडता म्हणाली, "तेव्हा कुणी विचारलं नाही. तूच पहिली."

आज जपात मन काही लागलं नाही.