पाडली असती तर?

यंदा भाद्रपदात, आईच्या तिथीला, तिचा आवाज ऐकावा असे मनात आले. २००९ साली तिने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. त्या मी एका लहानशा हार्ड डिस्कवर जपून ठेवल्या आहेत. माझ्या जुन्या लॅपटॉपला ती जोडली, तो आतून टकटक ऐकू येऊ लागली आणि पडद्यावर काहीच उमटेना. महिन्यापूर्वी डिस्क पुतण्याने नेली होती. मी त्याला फोन केला, ‘पाडलीस ना?’ ‘नाही, काका,’ एवढेच तो म्हणाला. मला ते पटले नाही.

संध्याकाळी तो आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्याची रीत. डिस्क तीच, केबल तीच, लॅपटॉप मात्र त्याचा नवा; डिस्क चालली. म्हणजे ती शाबूत होती. माझ्या लॅपटॉपचे पोर्ट यूएसबी २.० चे, २००० सालच्या नियमाचे. ते ५०० मिलिअँपिअरचीच हमी देते. तबकडी फिरू लागताना डिस्कला त्याहून अधिक लागते. (२००८ च्या यूएसबी ३.० ने ही मर्यादा ९०० वर नेली.) म्हणून अशा काही डिस्कच्या केबलला दोन पिना असतात. दुसरी पिन मीच काढून तिथे माऊस लावला होता!

डिस्क निर्दोष, पोर्टही वचनाला जागलेले. मी पुतण्याला म्हटले, ‘चुकलो रे, तू पाडली नव्हतीस.’

तो हसून म्हणाला, ‘आणि पाडली असती तर?’

या प्रश्नाने मी गोंधळलो. त्याने ती खरोखर पाडली असती, तर मी स्वतःला चाणाक्ष समजलो असतो. क्षमेचा विचारही शिवला नसता. पण फोन करताना माझ्यापाशी पुरावा तेवढाच होता, म्हणजे टकटक आणि संशय. मग माझा अपराध अंदाज चुकल्याचा, की न तपासता आरोप केल्याचा? पहिला असेल, तर न्याय म्हणजे नशिबाचा खेळ झाला. दुसरा असेल, तर अंदाज खरे ठरले म्हणून मी आजवर ज्यांच्याकडे क्षमा मागितली नाही, त्यांचे काय? अशी दोन-तीन माणसे मला लगेच आठवली. त्यांपैकी एक आता हयात नाही.

पुतण्याने माऊस काढून दुसरी पिन लावली. तबकडी फिरली. तिसऱ्या ओवीच्या मध्येच आईला खोकला येतो, हे मी विसरलो होतो.