पाणी तांबडे दिसले तेव्हा

दुसरे राजे या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपल्या शब्बाथशाळेच्या पाठांत सहसा येत नाही. विधवेचे तेल येते, नामान येतो, पाण्यावर तरंगलेली कुऱ्हाड येते. हा अध्याय मात्र राहून जातो. त्याचा शेवट भयंकर आहे, मुलांना सांगण्याजोगा नाही, हे खरे. पण मधला भाग, खड्ड्यांचा आणि तांबड्या पाण्याचा, मला कित्येक वर्षे सोडत नाही.

यहोराम, यहोशाफाट आणि अदोमाचा राजा असे तिघे मिळून मवाबावर चालून जातात. सात दिवसांची वळशाची वाट, आणि माणसांना व जनावरांना पाणी नाही. अलीशा त्यांना खोऱ्यात खड्डे खणायला लावतो. वारा नाही, पाऊस नाही, तरी सकाळी अर्पणाच्या वेळी अदोमाच्या बाजूने पाणी येते आणि खोरे भरते. पलीकडे मवाबी लोक पहाटे उठतात. कोवळे ऊन त्या पाण्यावर पडलेले. खड्डे तांबडे चमकत आहेत. ते ठरवून टाकतात की हे रक्त आहे, राजे आपसांतच लढून मेले. मग लूट करायला धावतात, ते थेट जिवंत सैन्याच्या हाती सापडतात.

मवाबी लोक मूर्ख होते, असे म्हणून आपण हा पाठ संपवतो. मला तसे वाटत नाही. त्यांचे डोळे शाबूत होते, तर्कही वाईट नव्हता; पाऊस झालेला नव्हता, म्हणजे ते पाणी असणे संभवत नव्हते. एकमेकांवर विश्वास नसलेले तीन राजे आपसांत भांडले असतील, हेही अशक्य नव्हते. चुकले ते एवढेच, की पाहणे आणि धावणे यांच्यामध्ये एकही मनुष्य खाली उतरून त्या खड्ड्यात हात बुडवून आला नाही. आणि हात बुडवावासा का वाटला नाही? लूट डोळ्यांपुढे होती. ज्याला लूट हवी असते त्याला रक्त लवकर दिसते.

आम्हा बुऱ्हाणपूरकरांना जमिनीखालच्या पाण्याचे नवल नाही. १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या काळात, अब्दुल रहीम खानखाना याच्या अमदानीत येथे कुंडी भंडारा बांधला गेला. दोह्यांमुळे शाळेत भेटतो तोच हा रहीम. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपत जाणारे पाणी भुयारात धरले आणि निव्वळ उताराच्या जोरावर शहराकडे आणले. पंप नाही, मोट नाही. शंभराहून अधिक कुंड्या त्या भुयाराने एकमेकींना जोडलेल्या आहेत. वरून पाहिले तर रांगेने उभ्या विहिरीच वाटतात. खाली भिंतींवर क्षारांचे थर साचले आहेत.

लोक मात्र त्याला ‘खूनी भंडारा’ म्हणतात. कोणी सांगतो, पाण्याला क्षारांमुळे तांबूस झाक असे म्हणून. कोणी म्हणतो, ‘कुंडी’चाच तो अपभ्रंश. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत या जागेचे नाव आले, तेही ‘खूनी’ म्हणूनच. मुलांना तेथे नेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खून कोणाचा झाला? ते भुयार कोणी खणले, किती माणसे त्या अंधारात राबली, हे अजून एकाही मुलाने मला विचारलेले नाही. मोठ्यांनीही नाही.

आमच्या जिल्ह्याला लागूनच बुलढाणा आहे. तेथील लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले तेव्हा नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, त्यामुळे खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे अतिसूक्ष्म जीव माजले. तो रंग त्यांचा होता. पुढे ते जीव तळाशी बसल्यावर पाणी पुन्हा निवळले. येथे कोणीतरी खाली उतरून हात बुडवला होता.

रस्त्यात खड्डा पडून त्यात हिरवे, चमकते पाणी दिसले तर आपल्या गल्लीत काय होईल, याची कल्पना करा. कोणी नारळ फोडील, कोणी प्रार्थनेची विनंती धाडील. फ्लुओरेसीन नावाचा एक रंग आहे. चिमूटभर टाकला तरी पाणी उन्हात हिरवे चमकते, म्हणून जमिनीखालचे पाणी कोठून कोठे जाते हे शोधायला तो मुद्दाम ओततात. १८७७ साली जर्मनीत आडोल्फ क्नोप यांनी, डॅन्यूब नदी जेथे भूमीत गडप होते तेथे असा दहा किलो रंग टाकला, आणि सुमारे बारा किलोमीटरवरचा आख नदीचा झरा हिरवा झळकू लागला. ते हिरवे पाणी पाहून ज्याने कारण विचारले नसते, त्याला एक नदी दुसरीला कशी मिळते हे कधीच कळले नसते.

एका वृद्ध बंधूंनी मला सभेनंतर थांबवून विचारले होते, “प्रत्येक गोष्टीचे कारण काढत बसलात, तर उद्या रिकाम्या कबरेचेही काढाल?” प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण थोमाने जखमांत हात घातल्याशिवाय मानणार नाही म्हटले, तेव्हा प्रभूने त्याला हाकलून दिले नाही. हात पुढे कर म्हणाला. पौलही करिंथकरांना साक्षीदार मोजून देतो आणि त्यांतील बहुतेक अजून जिवंत आहेत असे सांगतो. म्हणजे जा, विचारा. जे जवळ येऊ देते आणि जे जवळ येऊ देत नाही, यांत मला फरक दिसतो. कारण सापडले म्हणून देव निघून जातो, असे राजांच्या त्या अध्यायातही नाही. पाणी अदोमाच्या बाजूने आले हे शास्त्र स्वतःच सांगते. तांबडा रंग उन्हाचा होता. देवाने दिले ते साधे पाणी, आणि ते राजांनी, सैनिकांनी व गुराढोरांनी प्यायचे होते.

हे सर्व मी आज लिहितो. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची आवई उठली. हजारो लोक बाटल्या घेऊन धावले. मुसळधार पावसात मिठी नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत होते. ते घाण आहे, पिऊ नका, असे अधिकारी सांगत राहिले, लोक पीत राहिले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि ईश्वरविज्ञानाची पदविका नुकतीच हाती आली होती. मुंबईला नात्यातल्या एका मावशींच्या घरी गेलो, तर टेबलावर बाटली. मावशी म्हणाल्या, “बाबा, तू शिकलेला. यावर प्रार्थना कर, मग बाळाला चमचाभर देऊ.”

पाणी गढूळ होते, मला दिसत होते. मावशींचा चेहरा आनंदाने उजळला होता, तोही दिसत होता. मी डोळे मिटून प्रार्थना केली. घरासाठी, बाळासाठी, पाण्याचे नावही घेतले नाही, म्हणजे आपण खोटे बोललो नाही असे मनाला समजावले. आमेन म्हणून डोळे उघडले, तेव्हा चमचा बाळाच्या ओठांशी गेलेला होता.

बाळाला दोन दिवस ताप आला आणि उतरला. त्या पाण्यानेच आला, असे मी म्हणू शकत नाही. पावसाळा होता, मुंबईत घरोघरी ताप होता. ते बाळ आता कॉलेजात जाते. मावशी भेटल्या की अजून त्या प्रार्थनेची आठवण काढतात, आणि मी चहा पीत राहतो.