जंपर कुणाला विचारून टाकलास?

उभा राहा. माझ्याकडे बघ आणि बोल.

काल राहात्यात ज्या घरी गेलास, तिथला आरसीसीबी पाऊस झाला की पडायचा. तू त्याच्या आतल्या-बाहेरच्या टर्मिनलांत तारेचे तुकडे अडकवलेस, लाइट चालू करून दिलीस, पैसे खिशात घातलेस आणि आलास. वर मला सांगतोस, "सर, एमसीबी आहे की!" आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं काढलेल्या मुलाच्या तोंडून हे ऐकताना मला संताप येतो, आणि भीतीही वाटते.

एमसीबी वायर वाचवायला असतो. माणूस वाचवणं त्याचं कामच नाही. ओल्या हाताच्या, अनवाणी माणसाच्या अंगाचा रोध हजार ओहम धर. 230 व्होल्टला त्याच्यातून 230 मिलीअँपिअर जातात. पाव अँपिअरसुद्धा नाही! 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि तेवढ्यात काळजाचे ठोके बिघडून माणूस जातो. अमेरिकेत चार्ल्स डॅल्झिएलनं माणसांवर मोजून पाहिलं होतं. सरासरी पुरुषाला 16 मिलीअँपिअरच्या आसपास तार सोडता येईनाशी होते, बाईला साधारण साडेदहालाच. हे आकडे वहीत लिहून घेतले होतेस ना? मग ते काल कुठे गेले?

अर्थिंग आहे, असंही म्हणशील. उन्हाळ्यात आपल्याकडची काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं कुणी तांब्याभर पाणी ओतत नाही. तिथला रोध 20 ओहमवर गेला असेल, तर कूलरच्या पत्र्यावर फेज उतरूनही जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. 16चा एमसीबी ढिम्म हलणार नाही. पत्रा करंट धरून बसेल आणि रांगतं पोर त्यालाच धरून उभं राहील.

आरसीसीबी नेमकं हेच पकडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच्यातल्या एकाच कड्यातून जातात. गेला तेवढा करंट परत आला तर तो गप्प बसतो, कमी आला तर पडतो. घरात बसवतो त्या 30 मिलीअँपिअरवाल्यानं तेवढ्या गळतीला 300 मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट गळतीला 40 मिलिसेकंदांच्या आत पडायलाच हवं. झटका बसतो, पण जीव घेण्याइतका वेळ तो टिकत नाही. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलास तर आरसीसीबीही तुला वाचवणार नाही, हेही ध्यानात ठेव.

तो पडत होता म्हणजे बिघडला नव्हता. तो ओरडून सांगत होता आणि तू त्याचं तोंड दाबलंस. सगळे एमसीबी पाडून बघितलंस का? नाही. तरीही आरसीसीबी पडला तर काय समजायचं? सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल कुठे ओल्या भिंतीत अर्थला टेकला असेल तर तो तसाच जोडलेला राहतो. न्यूट्रल लिंकवरची एकेक तार सोडवून बघायला हवी होती. जिन्याच्या दिव्याला शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतलाय का, इन्व्हर्टरवाल्यानं दोन्हीकडचे न्यूट्रल एकत्र बांधलेत का, यातलं काहीच पाहिलं नाहीस. आपल्या भागात निम्मी रड इन्व्हर्टरच्या न्यूट्रलचीच असते, हे मी घसा फोडून सांगितलंय. पावसातच पडतो म्हटल्यावर तर आधी गच्चीवरचा दिवा, अंगणातला सॉकेट आणि मोटारीची केबल, तिथंच हात घालायचा!

आत्ता निघ. इन्सुलेशन मोजायचा मेगर घेऊन जा. आधी मेन बंद कर, जंपर काढ, टीव्ही-फ्रिजच्या पिना उपस, मग 500 व्होल्टवर एकेक सर्किट मोज. एक मेगओहमच्या खाली जे दाखवेल ते सर्किट सोडवून ठेव, दुरुस्त होईपर्यंत जोडायचं नाही. घरातल्या बाईमाणसांनाही टेस्टचं बटण दाबून दाखव आणि महिन्यातून एकदा दाबायला सांग. कालचे पैसे परत दे. काय केलं होतंस ते त्यांना स्वतःच्या तोंडानं सांग. पंखा बंद राहिला म्हणून ते चिडतील, बोलतील. मान खाली घालून ऐकून घे, पण फॉल्ट सापडेपर्यंत लाइट जोडून देऊ नकोस.